गॅस बॉयलरची कंपनी कशी निवडावी: दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूनं

"दादा, कुठल्या कंपनीचा बॉयलर घ्यावा?"

हा प्रश्न मला बहुतेक वेळा गुडघे टेकून बसलेलो असताना विचारला जातो. बॉयलरचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं असतं, हात ओले असतात आणि घरातली माणसं स्वेटर चढवून मागे उभी असतात. गेली सतरा वर्षं मी घरगुती गॅस बॉयलरची, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरमधून फिरवत घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रांची, सर्व्हिस आणि दुरुस्ती करतो. सुरुवातीला मी पटकन एक नाव सांगून मोकळा व्हायचो. आता सांगत नाही. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन बॉयलर मी सांभाळले आहेत. एक चौदाव्या हिवाळ्यातही शांतपणे पेटत होता. दुसऱ्याचा मुख्य हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग, पाचव्याच वर्षी गाळानं बुजून गेला. दोन्हींवर नाव तेच होतं. फरक रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्यात होता, आणि बॉयलर बसवताना कोणी किती काळजी घेतली यात होता.

याचा अर्थ सगळ्या कंपन्या सारख्या, असा मुळीच नाही. फरक असतो आणि तो आधी ओळखताही येतो. फक्त तो जाहिरातीत किंवा पाच ताऱ्यांत सापडत नाही. मी स्वतःच्या घरासाठी बॉयलर निवडताना जसा शोधला, तसाच इथं सांगतो.

आधी स्वतःच्या घराची नोंद करा

कंपन्यांची माहितीपत्रकं उघडण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा. एका वेळी किती ठिकाणी गरम पाणी लागतं? नळाला मिनिटाला किती लिटर पाणी येतं? पाणी किती जड आहे? आणि रेडिएटरचे पाइप किती जुने आहेत?

नळाचा प्रवाह मोजायला बादली आणि घड्याळ पुरे. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि एका मिनिटात किती लिटर भरलं ते बघा. मिनिटाला ९ लिटरच येत असेल, तर १५ लिटर गरम पाणी देणारा मोठा बॉयलर घेऊन काही साधणार नाही. हिशेब सोपा आहे. २४ किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटरही तापवणारा आणि नळालाही लगेच गरम पाणी देणारा, पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवायचं असेल तर मिनिटाला साधारण ९.८ लिटर देतो. ३० किलोवॅटचा १२ लिटरच्या थोडं वर जातो. दोन न्हाणीघरं एकाच वेळी चालू असणार असतील, तर गरम पाण्याच्या साठ्याची टाकी असलेली व्यवस्था बघावी. कॉम्बीवर तो भार टाकू नये.

पाण्याचा जडपणा पाणीपुरवठा करणाऱ्याकडे विचारला तर कळतो. लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर पाणी खूप जड समजा. हा आकडा हाताशी ठेवा. कुठला बॉयलर तुमच्या घरात टिकेल, हे यावरून बरंच ठरतं.

नावामागचं घराणं ओळखा

पुष्कळ लोक 'अ' आणि 'ब' कंपनीची तुलना करत आठवडे घालवतात आणि शेवटी कळतं की दोन्ही एकाच घरातली भावंडं आहेत. वूस्टर, बुडेरुस आणि युंकर्स ही तिन्ही नावं बॉशच्या छत्राखालची. युंकर्स बॉशनं १९३२ मध्ये घेतली, वूस्टर १९९० च्या दशकात आणि बुडेरुस २००३ मध्ये. ग्लो-वर्म आणि सोनिए दुवाल हे वायलंट समूहातले. वायलंट स्वतः १८७४ पासूनची, जर्मनीतल्या रेमशाइडची कंपनी. बॅक्सी, पॉटरटन, रेमेहा आणि द डिट्रिश हे सगळे बीडीआर थर्मियाचे. हा समूह २००९ मध्ये विलीनीकरणातून उभा राहिला. आयडियल २०१५ पासून फ्रान्सच्या ग्रूप अटलांटिककडे आहे. फीसमान १९१७ पासून एका कुटुंबाच्या हातात होती. तिचा बॉयलर आणि हीट पंपाचा व्यवसाय २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या कॅरियरकडे गेला.

हे माहीत असण्याचा उपयोग असा, की एकाच समूहातल्या महाग आणि स्वस्त नावांत काही वेळा आतला पंप, फॅन किंवा गॅस व्हॉल्व्ह तोच असतो. फरक समोरचा स्क्रीन, आवाज, वॉरंटी आणि काही पितळी भागांच्या जागी प्लास्टिक, एवढाच उरतो. अशा वेळी स्वस्त भावंड घेणं शहाणपणाचं ठरतं. पण काही वेळा स्वस्त मॉडेलचा हीट एक्स्चेंजरच वेगळ्या धातूचा असतो, आणि तिथं भावंडं म्हणून दोघांना एका मापानं मोजलं तर फसगत होते. ते कळायला आत बघावं लागतं.

शिवाय सुटे भाग बनवणारे कारखाने तर सगळ्यांनाच माल देतात. अनेक बॉयलरमधला पंप ग्रुंडफोस किंवा विलोचा असतो. फ्रान्सच्या सेर्मेटाचे स्टेनलेस स्टीलचे हीट एक्स्चेंजर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉयलरमध्ये बसलेले असतात. झाकणावरचं नाव वेगळं, पण पाच वर्षांनी बदलायला येणारा भाग तोच.

झाकण उघडून बघा, पण कागदावर

बॉयलरचं खरं झाकण तुम्ही उघडू नका. गॅस आणि ज्वलनाचं काम परवानाधारक माणसाचंच. पण प्रत्येक चांगली कंपनी बसवण्याची पुस्तिका, बिघाडांच्या सांकेतिक खुणांचा तक्ता आणि सुट्या भागांची आकृती उपलब्ध करून देते. त्या आकृतीत बॉयलर उकलून दाखवलेला असतो, एकेक भाग वेगळा काढून, क्रमांकासकट. माझ्या मते तुलना करायला यापेक्षा चांगला कागद नाही. दोन मॉडेलच्या आकृत्या शेजारी ठेवा आणि पुढचे भाग शोधा.

पहिला मुख्य हीट एक्स्चेंजर. हा बॉयलरचा जीव. आजचे बहुतेक घरगुती बॉयलर कंडेन्सिंग असतात, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरतात. नैसर्गिक वायूच्या धुरात ही वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली द्रवायला लागते. ते पाणी आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच ३ ते ५ च्या आसपास. म्हणजे हीट एक्स्चेंजर ज्वाळा आणि आम्ल दोन्ही सोसत वर्षानुवर्षं उभा असतो. तो बहुतेक दोनच धातूंचा असतो: स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियम-सिलिकॉनचं ओतीव मिश्रण. फीसमानच्या व्हिटोडेन्समध्ये स्टेनलेस स्टील आहे, वायलंटच्या इकोटेक प्लसमध्येही, आणि कोरियाच्या नावियनमध्येही. रेमेहा पुष्कळ मॉडेलमध्ये अॅल्युमिनियम-सिलिकॉन वापरते. आयडियलच्या एकाच घरात लॉजिक अॅल्युमिनियमचा आणि व्होग स्टेनलेस स्टीलचा, असं दोन्ही मिळतं.

अॅल्युमिनियम वाईट, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो उष्णता झटकन वाहून नेतो आणि ओतीव असल्यामुळे पाण्याच्या वाटा बऱ्यापैकी रुंद ठेवता येतात. स्टीलच्या काही प्रकारांत नळ्या चपट्या आणि अरुंद असतात. जुन्या, गाळानं भरलेल्या पाइपांच्या घरात तिथंच घाण अडकते. अॅल्युमिनियमची अडचण पाण्याच्या पीएचची. जर्मनीत गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी व्हीडीआय २०३५ नावाची मार्गदर्शिका वापरतात. तिच्यात अॅल्युमिनियमचे भाग असतील तर फिरणाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ ते ९.० मध्ये ठेवायला सांगितलं आहे. इतर धातूंना १० पर्यंत मोकळीक आहे. घरी पाणी मृदू करणारं यंत्र असेल आणि कोणी त्याच पाण्यानं रेडिएटर भरले, तर पीएच वर जाऊन अॅल्युमिनियम झिजायला लागतो. म्हणून तुमच्या घरी असं यंत्र आहे का, हे मी पहिल्या पाच प्रश्नांत विचारतो.

दुसरा भाग डायव्हर्टर व्हॉल्व्ह. कॉम्बीमध्ये गरम पाणी एकदा रेडिएटरकडे आणि एकदा नळाच्या पाण्याकडे वळवणारी ही फाटकासारखी वस्तू. माझ्या कामात सगळ्यांत जास्त वेळा हाताखाली येणारा भाग हाच. लक्षण ठरलेलं: उन्हाळ्यात भांडी घासताना गरम नळ सोडला की रेडिएटर कोमट होतात, किंवा हिवाळ्यात घर तापतं पण नळाला पाणी कोमटच. एकदा एका आजींच्या घरी असा व्हॉल्व्ह बाहेर काढला. पितळी दांडीवर काळा, चिकट थर बसला होता. बोटानं चोळला तर शाईसारखा पसरला. खिशातलं चुंबक जवळ नेलं तर त्याचे बारीक केस उभे राहिले. तो लोखंडाचा गंज होता, रेडिएटरच्या आतून सुटलेला. आजी म्हणाल्या, "कंपनीच खराब दिसते." मी त्यांना ते चुंबक दाखवलं. व्हॉल्व्ह कुठल्याही कंपनीचा असता तरी या पाण्यात अडकलाच असता.

तरीही कंपन्यांमध्ये फरक आहेच. हा व्हॉल्व्ह पितळी ठोकळ्यात बसवलाय की प्लास्टिकच्या, आणि पुढून दोन क्लिपा काढून निघतो की त्यासाठी अर्धा बॉयलर खोलावा लागतो, हे आकृतीत स्पष्ट दिसतं. नेदरलँड्सच्या इंटरगॅसनं तर आपल्या कॉम्बीतून डायव्हर्टर व्हॉल्व्ह काढूनच टाकला. त्यांच्या अॅल्युमिनियमच्या एक्स्चेंजरमध्ये रेडिएटरच्या पाण्याच्या आणि नळाच्या पाण्याच्या तांब्याच्या नळ्या एकत्रच ओतलेल्या असतात. नळ उघडला की पंप थांबतो, बस. हलणारे भाग कमी, म्हणून अडकायला जागाही कमी. पण पाणी फार जड असेल तर क्षार थेट त्या मुख्य एक्स्चेंजरच्या नळीतच बसतात, आणि वेगळा स्वस्त भाग बदलून काम भागत नाही. गुण आणि दोष एकाच रचनेतून येतात. तुमच्या पाण्याचा तो आकडा कागदावर लिहायला सांगितला, तो यासाठी.

तिसरा प्लेट हीट एक्स्चेंजर, नळाचं पाणी तापवणारा छोटा ठोकळा. जड पाण्यात हा क्षारांनी भरतो आणि शॉवर कधी गरम कधी थंड व्हायला लागतो. ६० अंशांच्या वर क्षार झपाट्यानं बसतात. म्हणून टाकी नसलेल्या कॉम्बीत नळाच्या पाण्याचं तापमान ५० च्या आसपास ठेवावं. साठ्याची टाकी असेल तर मात्र ती ६० वरच ठेवा, कोमट साठ्यात वाढणाऱ्या लेजिओनेला जंतूंमुळे तिथं तडजोड नको. आकृतीत बघायचं ते एवढंच, की हा ठोकळा दोन स्क्रूंनी निघतो का.

चौथा एक्स्पान्शन व्हेसल. पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी १० अंशांवरून ८० वर गेलं की जवळजवळ ३ लिटरनं वाढतं. ती वाढ सामावून घेण्यासाठी हा लोखंडी डबा, मध्ये रबरी पडदा आणि पलीकडे दाबलेली हवा. हवा गेली की दाबाच्या काट्याची धावपळ सुरू होते: थंड असताना १ बार, तापल्यावर ३ च्या जवळ, मग सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर, आणि थंड झाल्यावर काटा शून्यावर. घरचे लोक पुन्हा पाणी भरतात. दर वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत येतो आणि रेडिएटर आणखी गंजतात. डब्यावर सायकलच्या ट्यूबला असतो तसला व्हॉल्व्ह असतो. आम्ही त्याची पिन दाबतो. हवा आली तर ठीक. पाण्याची चिळकांडी आली तर पडदा फाटलेला. काही मॉडेलमध्ये हा डबा इतका मागे बसवलेला असतो की बदलायला संपूर्ण बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो. पुस्तिकेत व्हेसल बदलण्याची रीत वाचा. दोन पानांत संपली तर कंपनीनं दुरुस्तीचा विचार केलाय, असं मी धरतो.

सर्किट बोर्ड, फॅन, इग्निशनचे इलेक्ट्रोड यांच्याबद्दल फार लिहीत नाही. बोर्ड बहुतेकदा वरून पाणी ठिबकल्यानं जातो, म्हणून तो पाण्याच्या जोडांच्या खाली नसावा. इलेक्ट्रोड झिजणारच, ते सर्व्हिसच्या सामानात धरायचे.

बिघाडाच्या खुणांबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. लोक खुणा वाचून कंपनीला दोष देतात. वायलंटचा एफ-२८ किंवा आयडियलचा एल-२ म्हणजे ज्योत पेटली नाही, एवढंच. गॅस कमी येत असेल, बाहेरचा कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातून द्रवलेलं पाणी वाहून नेणारा, पाइप गोठला असेल, तरी हीच खूण दिसते. कडाक्याच्या थंडीच्या सकाळी मला येणाऱ्या फोनांत बॉयलर निर्दोष आणि पाइप गोठलेला, असं कितीदा तरी झालं आहे. कंडेन्सेटचा पाइप शक्यतो घराच्या आतूनच न्यावा. बाहेर काढावाच लागला तर जाड आणि आवरण घातलेला असावा. ही काळजी कुठल्याही कंपनीच्या नावापेक्षा जास्त कामाला येते.

सर्वेक्षणं आणि अभिप्राय कसे वाचायचे

ग्राहक संघटनांची सर्वेक्षणं मी वाचतो आणि तुम्हीही वाचा. पण तीन गोष्टी तपासून. आकडा विकलेल्या बॉयलरच्या तुलनेत आहे की नुसत्या तक्रारींचा? ज्या कंपनीचे बॉयलर सगळ्यांत जास्त घरांत आहेत, तिच्याच तक्रारी सगळ्यांत जास्त येणार. माझ्या गाडीत एका कंपनीचे भाग कायम भरलेले असतात. ते तिचे बॉयलर जास्त बिघडतात म्हणून नाही. ते घरोघरी आहेत म्हणून.

दुसरं, बॉयलरचं वय. दोन वर्षांचा बॉयलर सगळ्यांनाच आवडतो. सहा-सात वर्षांच्या बॉयलरबद्दल लोक काय म्हणतात, ते वेगळं दिलंय का बघा. तिसरं, सर्वेक्षण बहुतेक कंपनीच्या नावावर असतं आणि तुम्ही विकत घेता ते मॉडेल. दहा वर्षांपूर्वीच्या चांगल्या मॉडेलची पुण्याई आजच्या नव्या मॉडेलच्या खात्यावर जमा झालेली असते. उलटही होतं. एखाद्या जुन्या फसलेल्या मॉडेलमुळे कंपनीचं नाव खाली राहतं, जरी तिनं तो दोष केव्हाच दुरुस्त केलेला असतो. अगदी नव्या, याच वर्षी आलेल्या मॉडेलला मी दोन हिवाळे जाऊ देतो. शिवाय दोषामुळे परत मागवलेल्या मालाच्या तुमच्या देशातल्या अधिकृत यादीत ते मॉडेल आहे का, हे एकदा शोधून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

बसवणाऱ्याच्या शिफारशीबद्दल प्रेमानं एक सूचना. अनेक कंपन्या बसवणाऱ्यांना प्रत्येक बॉयलरमागे गुण किंवा बक्षिसं देतात. त्यात गैर काही नाही, आणि ज्या माणसानं एकच कंपनी शंभरदा बसवली आहे त्याचा हातही तिच्यावर बसलेला असतो. पण त्याला विचारा, "दुसऱ्या क्रमांकावर कुठली कंपनी?" आणि "पहिलीचा कुठला भाग तुम्ही सगळ्यांत जास्त वेळा बदललाय?" ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं, त्याचा सल्ला घ्या. कुठलाच भाग जात नाही असं म्हणणाऱ्यानं बहुतेक फक्त बसवलेत, दुरुस्त केलेले नाहीत.

वॉरंटी, सुटे भाग आणि माणसं

दहा-बारा वर्षांची वॉरंटी म्हणजे बॉयलर तेवढा टिकतोच असं नाही, पण कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे याची ती चांगली खूण आहे. अटी मात्र ओळ न् ओळ वाचा. भाग आणि मजुरी दोन्ही धरलेत का? दर वर्षी सर्व्हिसची लेखी नोंद हवी का? बसवल्यापासून किती दिवसांत नोंदणी करायची? मॅग्नेटिक फिल्टर, म्हणजे पाण्यातला लोखंडी गाळ चुंबकानं पकडणारा, त्यांच्याच कंपनीचा लावला तरच लांब मुदत मिळते का? गाळ आणि क्षारांमुळे झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी वॉरंटीतून वगळलेलं असतं, आणि बॉयलर तर त्यामुळेच जातात. एका घरात मी स्वतः हे पाहिलं. सात वर्षांची वॉरंटी, तिसऱ्या वर्षी एक्स्चेंजर बुजला, कंपनीच्या माणसानं पाण्याचा नमुना घेतला आणि दावा नाकारला. बसवणाऱ्यानं पाइप धुतलेच नव्हते आणि इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, टाकलंच नव्हतं. त्या घरात तान्हं बाळ होतं. ती रात्र मला अजून आठवते.

वॉरंटी असो वा नसो, भाग वेळेवर मिळायला हवेत. म्हणून जवळच्या सुट्या भागांच्या काउंटरला फोन करा, मॉडेल सांगा आणि विचारा: डायव्हर्टरची मोटर, फॅन आणि बोर्ड, हे तीन भाग आज मिळतील का? एक-दोन दिवसांत मिळतील, असं ऐकू आलं तर ती कंपनी तुमच्या भागात जगते आहे. तीन आठवडे लागतील असं उत्तर आलं, तर तो बॉयलर कितीही उत्तम असला तरी तुमच्यासाठी तो भरवशाचा नाही. जानेवारीत तीन आठवडे थंड घरात काढायला कोणालाच जमत नाही. माझ्या यादीत ही कसोटी धातूपेक्षाही वर आहे.

आकार: सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट

गरजेपेक्षा मोठा बॉयलर लवकर थकतो. गरम पाण्यासाठी ३० किलोवॅट लागतात, पण घर उबदार ठेवायला अनेक घरांना कडाक्याच्या थंडीतही दहाच्या आसपास पुरतात आणि सौम्य दिवसांत तीन-चार. बॉयलर किती खाली उतरू शकतो, हे माहितीपत्रकात किमान उत्पादन म्हणून दिलेलं असतं. तो आकडा ६ असेल आणि घराला ३ च हवे असतील, तर बॉयलर पेटणार, पाच मिनिटांत जास्त तापून विझणार, पुन्हा पेटणार. दर पेटण्याबरोबर इलेक्ट्रोड, फॅन आणि गॅस व्हॉल्व्ह यांचं एकेक आवर्तन खर्ची पडतं. १ ला १० या प्रमाणात खाली उतरणारे बॉयलर आता सहज मिळतात. किमान आकडा जितका लहान, तितका तो संथ, सलग आणि कमी तापमानावर चालतो. रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली राहिलं की वाफही द्रवते आणि गॅस वाचतो.

दोन माहितीपत्रकं, एक टेबल

मागच्या वर्षी एक निवृत्त शिक्षक दोन माहितीपत्रकं घेऊन माझ्यासमोर बसले. नावं सांगत नाही, कारण त्यांच्या घराचा निकाल तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही. पहिला ३० किलोवॅटचा, किमान ६, अॅल्युमिनियमचा एक्स्चेंजर, दहा वर्षांची वॉरंटी. दुसरा २५ किलोवॅटचा, किमान २.५, स्टेनलेस स्टील, वॉरंटी सात वर्षांची. सरांचा कल पहिल्याकडे होता, वॉरंटीमुळे.

आम्ही त्यांचा कागद काढला. एकच न्हाणीघर. नळाचा प्रवाह मिनिटाला ११ लिटर. घरात पाणी मृदू करणारं यंत्र. रेडिएटर तीस वर्षांचे. यंत्राचं पाणी चुकून आत गेलं तर अॅल्युमिनियमला धोका, आणि जुने रेडिएटर म्हणजे गाळ दोघांनाही भोवणार. दोन माणसांच्या घराला किमान ६ किलोवॅट म्हणजे सारखी पेटापेटी. ११ लिटरच्या नळाला ३० किलोवॅटची गरजच नव्हती. मी तिथंच काउंटरला फोन लावून स्पीकर चालू केला. दुसऱ्याचे तिन्ही भाग दुसऱ्या दिवशी मिळणार होते. पहिल्याचा फॅन मागवावा लागणार होता.

"मग वॉरंटीची तीन वर्षं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, ती तीन वर्षं आपण पाण्यातून मिळवू."

दुसरा ठरला. बसवायच्या दिवशी पाइप धुण्यातच अर्धा दिवस गेला. पहिल्या बादल्या काळ्या शाईच्या, मग चहाच्या रंगाच्या, मग गढूळ, आणि शेवटी तळ दिसला. परतीच्या पाइपवर मॅग्नेटिक फिल्टर लावला, इनहिबिटर टाकलं, मृदू न केलेल्या पाण्यानं यंत्रणा भरली, धुरातलं कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मोजून पुस्तिकेत लिहिलं. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. तो मी कुठल्याही घरी सोडत नाही, बॉयलर नवा असो की जुना. मग काट्याशेजारी एक कोरं कार्ड चिकटवलं आणि सरांना म्हटलं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, बॉयलर थंड असताना, काटा बघा आणि आकडा लिहा. काटा सारखा उतरत असेल तर नुसतं पाणी भरू नका, मला बोलवा.

पहिल्या वार्षिक सर्व्हिसला गेलो तेव्हा कार्डावर त्यांच्या वळणदार अक्षरात शेवटची ओळ होती: १.३, १.३, १.३, १.२, १.२, १.२. फिल्टर उघडला. चुंबकाच्या कडेला चिमूटभर काळं होतं. पुसून परत लावला आणि कार्डावर त्या दिवसाची तारीख टाकली.